ओरिगामी ड्रेस विकायचाय? आधी तो पाच वेळा धुऊन बघा!



मागच्या महिन्यात ब्लाउजच्या बाह्यांवरचा व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय. "ताई, ओरिगामी फॅशन सध्या जोरात आहे, त्यात उतरू का?" कुणी पंख्यासारख्या उघडणाऱ्या बाहीचा फोटो पाठवतं, कुणी त्रिकोण-त्रिकोणांची पर्स. एका मुलीने तर थेट विचारलं, "प्लीटिंगचं मशीन घ्यायला कर्ज काढतेय, घरचे तयार आहेत, काढू ना?"

तिला फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्याच तुम्हा सगळ्यांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. कर्ज काढू नका. ओरिगामीचा नुसता 'लूक' विकायला जाऊ नका. पण ओरिगामी सोडूनही देऊ नका, कारण कमी भांडवलात शिकता येणाऱ्या फार थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे. जी घडी गिऱ्हाइकाचं काही काम करते, ती घडी विका. आणि ती काम करते की नाही, हे गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. पैसे घालवून शिकले आहे.

माझ्या चोवीस कुर्त्या

२०१८ ची दिवाळी. माझं मॅचिंग सेंटर तेव्हा चार वर्षांचं होतं. बीबीए झालेलं, त्यामुळे 'डिफरन्शिएशन' हा शब्द तोंडपाठ. शेजारच्या तीन दुकानांत नाही ते माझ्याकडे पाहिजे, एवढंच डोक्यात. इंटरनेटवर एक जॅकेट बघितलं, छातीवर कागदी चक्रासारख्या घड्या. म्हटलं, हेच कुर्तीवर करू. चांगलं कॉटन घेतलं आणि मास्टरना फोटो दाखवला.

मास्टर म्हणाले, "ताई, कॉटन आहे. घडी बसायची नाही."

मी म्हटलं, "इस्त्री दाबून मारा, बसेल."

चोवीस नग शिवले. कापड, अस्तर, शिलाई धरून एक नग ६२० रुपयांना पडला, म्हणजे एकूण १४,८८० रुपये. विक्रीची किंमत ठेवली १,१५०. दिवाळीत १९ नग गेले. मी हवेत! दुकानात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मग पहिली धुणी झाली. घड्या पाण्यात सैल पडल्या. इस्त्रीने पुन्हा बसवायच्या तर एकेका कुर्तीला अर्धा तास, आणि तरी चक्र काही चक्रासारखं दिसेना. एकेक करत ११ कुर्त्या परत आल्या. मी सगळ्यांचे पैसे दिले. हिशेब बघा : विक्री २१,८५०, त्यातले परत गेले १२,६५०, हातात राहिले ९,२०० आणि खर्च १४,८८०. सरळ ५,६८० रुपयांचा खड्डा, वर सोळा कुर्त्या दुकानात पडून.

पण मला आजही लागतं ते दुसरंच. आमच्या गल्लीतल्या एक शाळेच्या बाई आहेत, पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी कुर्ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "पैसे नकोत मला. पण अगं, एक तरी तू स्वतः घालून, धुऊन बघितली होतीस का?"

नव्हती बघितली. खोटं कसं बोलणार?

जपानमध्ये हाच प्रश्न कसा सुटला

त्यानंतर मी जरा अभ्यासाला बसले. ओरिगामी हा शब्द जपानी. 'ओरु' म्हणजे घडी घालणं आणि 'कामी' म्हणजे कागद. आपल्याकडे पुण्याचे लेखक डॉ. अनिल अवचट या कलेत किती रमायचे, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एक चौकोनी कागद घ्यायचा, कापायचा नाही, चिकटवायचा नाही, नुसत्या घड्या घालून त्यातून पक्षी, प्राणी काढायचे. कापडात हा विचार सगळ्यात लांबवर नेला तो इस्से मियाके यांनी. जन्म १९३८, हिरोशिमा. २०२२ मध्ये ते गेले. स्टीव्ह जॉब्ज यांचा तो काळा गळाबंद टी-शर्ट आठवतो? तो मियाकेंचाच.

पण आपल्या कामाची गोष्ट आहे त्यांच्या 'प्लीट्स प्लीज' या कपड्यांची. हे कपडे १९९३ मध्ये बाजारात आले. त्याआधी काही वर्षं प्रयोग चालले होते, आणि १९९१ मध्ये फ्रँकफर्ट बॅलेच्या नर्तकांना असे चुणीदार कपडे घालायला दिले होते. आता विचार करा, नर्तक म्हणजे काय? उड्या, गिरक्या, घाम, आणि रोज धुणं. ज्या कपड्याची घडी त्यात टिकली, ती बाजारात कुठेही टिकणार. मी जे काम माझ्या गिऱ्हाइकांकडून करून घेतलं, ते त्यांनी बाजारात उतरण्याआधी नर्तकांकडून करून घेतलं. फरक एवढाच. आणि तोच सगळा फरक!

त्यांची पद्धतही उलटी आहे. आपण काय करतो? आधी कापडाला चुण्या पाडतो, मग कापतो, मग शिवतो. त्यांच्याकडे कपडा आधी अडीच ते तीन पट मोठा कापून शिवतात, अगदी ढगळ, कुणाला बसणार नाही असा. मग तो कागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून हीट प्रेसमधून काढतात. चुण्या पडतात आणि कपडा आक्रसून अंगाच्या मापाचा होतो. हा कपडा धुता येतो, लवकर वाळतो, इस्त्री लागत नाही, आणि गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात ठेवला तरी चुरगळत नाही. बाई प्रवासाला निघाली तर तिचं एक काम कमी झालं. ती पैसे त्याचे देते.

आता माझ्या मास्टरांचं म्हणणं आठवा, "कॉटन आहे, घडी बसायची नाही." मियाकेंचं कापड पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर उष्णतेने मऊ होतं आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून ठेवतं. कॉटनची घडी पाण्यात भिजली की सुटते. इतकी साधी गोष्ट. माझ्या दुकानात तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाने ती मला पाच शब्दांत सांगितली होती, पण मी बीबीए होते ना!

घडी कुणाचं काय काम करते?

मंडळी, कोणतीही डिझाइन बघितली की हा प्रश्न विचारायची सवय लावा.

लंडनमध्ये रायन यासीन नावाच्या तरुणाने २०१७ मध्ये 'पेटिट प्ली' नावाने लहान मुलांचे कपडे केले. शिक्षणाने तो विमानाचा इंजिनीअर. भाच्यासाठी कपडे पाठवले, ते पोचेपर्यंत बाळ वाढलेलं, कपडे बसेनात. आपल्याकडे बारशाला आलेले अर्धे झबले असेच न घालता राहतात की नाही? पहिल्या दोन वर्षांत मूल साधारण सात मापं ओलांडतं. यासीनने असा चुणीदार कपडा केला जो मुलाबरोबर उभा-आडवा दोन्हीकडे उघडत जातो आणि बाळ काही महिन्यांचं असल्यापासून तीनेक वर्षांचं होईपर्यंत पुरतो. उपग्रहाचे सौर पंखे घडी घालून पाठवतात आणि वर गेल्यावर उलगडतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. त्या वर्षीचा ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार त्याला मिळाला. इथे घडीचं काम काय? आईबापांचा खर्च वाचवणं.

मियाकेंच्याच कंपनीने २०१० मध्ये '१३२ ५.' नावाचे कपडे आणले. त्यात जुन मितानी या संगणक शास्त्रज्ञाचं घड्यांचं गणित वापरलं होतं. कपडा टेबलावर ठेवला तर सपाट ताऱ्यासारखी किंवा चौकोनी घडी दिसते. वरून धरून उचलला की स्कर्ट किंवा ड्रेस उभा राहतो. नावातला १ म्हणजे कापडाचा एक तुकडा, ३ म्हणजे उभा आकार, २ म्हणजे सपाट घडी, आणि ५ म्हणजे माणसाने तो अंगात घातल्यावर सुरू होणारा प्रवास. कापडही वापरून झालेल्या प्लास्टिकपासून पुन्हा तयार केलेलं. इथे घडीचं काम? ठेवायला जागा कमी आणि एकाच तुकड्यात पूर्ण आकार.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या साडीच्या निऱ्या बघा. निऱ्या शोभेसाठी नाहीत. त्या नसतील तर पाऊलच टाकता येणार नाही. साडेपाच मीटर सरळ कापड निऱ्यांमुळे चालतं, बसतं, जिना चढतं. शेकडो वर्षं टिकलेली घडी आहे ही, कारण ती रोज काम करते.

"पण ताई, लोक तर लूकच विकत घेतात!"

हा आक्षेप येणार, मला माहीत आहे. आणि तो अगदी चुकीचा नाही. जॉन गॅलियानो यांनी २००७ च्या वसंत ऋतूसाठी डिऑरचे कपडे केले, तेव्हा 'मादाम बटरफ्लाय'वरून कल्पना घेऊन गळ्यावर, कमरेवर, खांद्यावर ओरिगामीसारख्या मोठमोठ्या घड्या उभ्या केल्या होत्या. त्या घड्या बाईचं कुठलंही काम वाचवत नव्हत्या. बघणाऱ्याचे डोळे दिपवणं हेच त्यांचं काम होतं. एका संध्याकाळीपुरतं तेही काम खरंच असतं.

आपल्याकडेही नवरीचा ब्लाउज, संगीताचा लेहंगा, स्टेजवरचा ड्रेस असे एका दिवसाचे कपडे असतातच. तिथे बकरम लावून, फ्युजिंग मारून, टाके घालून कडक घडी उभी करा, काही हरकत नाही. फक्त गिऱ्हाइकाला आधी सांगा, "ही घरी धुवायची नाही, ड्रायक्लीन करायची, आणि घडी करून कपाटात कोंबायची नाही, लटकवायची." हे बिलावर लिहून द्या.

माझी चूक शोभेची घडी केली ही नव्हती. माझी चूक अशी की रोज घालायच्या कुर्तीवर शोभेची घडी लावली आणि रोजच्या कपड्याच्या भावात विकली. दोन्ही दुकानं एका काउंटरवर मांडली. तुम्ही आधी ठरवा : मी प्रसंगाचा कपडा विकतेय की रोजचा?

खरं मशीन चार रुपयांचं आहे

आता कर्जाकडे येऊ. पॅरिसमध्ये लोन्यों नावाचं चुण्या पाडायचं घराणं आहे, १८५३ पासूनचं. २०१३ मध्ये शनेल कंपनीने ते आपल्याकडे घेतलं. तिथे आजही मुख्य हत्यार काय आहे माहितीय? जाड कागदाचा साचा! एकसारख्या घड्या घातलेले दोन कागद. ते ताणून सपाट करायचे, मधे कापड ठेवायचं, तिन्ही एकदम मिटवायचे, बांधायचे आणि वाफ द्यायची. थंड झाल्यावर उघडायचे. कापडाने कागदाची घडी घेतलेली असते. महागातले महाग कपडे अशा कागदातून जातात, मंडळी.

म्हणजे आपल्याला शिकायला लागतो खाकी कागद, पट्टी, बोथट टोकाची सुई आणि वाफ. मी घरी केलं ते असं.

एक. खाकी ब्राऊन पेपरचे दोन सारखे तुकडे घ्या. पट्टीने रेघा आखा. बोथट सुईने रेघेवर दाबत जा, म्हणजे घडी सरळ मोडते. सुरुवात साध्या पंखा-घडीने करा, एक इंचाची. तिरक्या रेघांच्या, त्रिकोणांच्या घड्या नंतर.

दोन. दोन्ही कागद एकावर एक ठेवूनच घड्या घाला. वेगवेगळे घातले तर एक सूतभर फरक पडतो आणि कापड फसतं.

तीन. कापडाचा किनारा आधी दुमडून शिवून घ्या. चुण्या पडल्यावर किनारा शिवता येत नाही, घड्या फाकतात.

चार. कागद, कापड, कागद असं ठेवून मिटवा, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून सुतळीने बांधा. चाळणीत ठेवून वाफवा, पाणी कागदाला लागू देऊ नका. घाई नको.

पाच. पूर्ण गार होऊ द्या. मी रात्रभर ठेवते. कोमट असताना उघडलं तर घडी अर्धवट बसते. बहुतेक जण इथेच घालवतात.

कापड पॉलिस्टरच आहे का, ते दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. दोन-चार धागे काढून, सिंकजवळ सावधपणे चिमट्यात धरून जाळा. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख होते. मिश्र धागा असेल तर दोन्ही थोडं थोडं.

माझा पहिला साचा घडायला अख्खी दुपार गेली आणि तो वाकडा झाला. कागद गेला चार रुपयांचा. कापडावर तोच वाकडेपणा दोनशेला पडला असता. म्हणून सांगते, चूक करायचीय ना? कागदावर करा, मग मांजरपाटावर करा, आणि तिथे सुटली की मगच गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावा. मोठ्या कंपनीकडे मशीन असतं, माणसं असतात, पैसा असतो. पण कागदावरची चूक तिला आणि तुम्हाला एकाच भावात पडते. छोट्या उद्योजकाला बरोबरीची अशी जागा दुसरीकडे कुठे मिळते?

हिशेब : घडी कापड खाते

आता कुणी न सांगणारी गोष्ट. पूर्ण पंखा-घडीला कापड तिप्पट लागतं. एक इंच दिसायला तीन इंच.

चुणीदार स्कर्ट धरू. सीट ३८ इंच, तर घेर लागतो ११४ इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच. दोन पन्ह्यांत ८८ होतात, पुरत नाहीत. म्हणजे तीन पन्हे. उंची साधारण एक मीटर, म्हणजे तीन मीटर कापड. साधा सरळ स्कर्ट मीटरभरात बसतो. जोडही आतल्या घडीत लपवावे लागतात, नाहीतर बाहेर दिसतात.

कापड १२० रुपये मीटर, तर ३६०. अस्तर ९०. चेन, इलॅस्टिक, दोरा ४०. शिलाई २५०. साचा लावणं, वाफवणं, उघडणं यात तुमचा दीड तास. तासाचे ८० धरले तरी १२०. पॅकिंग २०. झाले ८८०. यात दुकानाचं भाडं नाही, वीज नाही, खराब झालेला नग नाही.

आता बाजारात मशीनवर काढलेला तसा स्कर्ट ९०० ला मिळतो म्हणून तुम्ही ९०० लावलेत, तर तुम्ही वीस रुपयांसाठी दोन दिवस राबलात. असा स्कर्ट १,४०० च्या खाली विकायचा नाही, असं माझं मत आहे. आणि १,४०० ला विकायचा तर त्यात बाजारच्या स्कर्टमध्ये नाही असं काहीतरी पाहिजे : तिच्या मापाचा, तिच्या उंचीचा, खिसा असलेला. ते देता येत नसेल तर स्कर्ट करूच नका. छोट्यापासून सुरू करा. बाहीचा पट्टा, ब्लाउजची पाठ, फ्रॉकचा गळा, ओढणीचं टोक. जिथे कापड कमी आणि नजर जास्त जाते, तिथे घडी लावा.

नकलेचं काय?

त्रिकोणांची पर्स विचारणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. ती कल्पना मियाकेंच्या 'बाओ बाओ' पिशव्यांची आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या पिशव्या विकणाऱ्या एका जपानी कंपनीला २०१९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने विक्री थांबवायला आणि भरपाई द्यायला लावली. ओरिगामीवाल्यांचंही तसंच. २०११ मध्ये सहा ओरिगामी कलाकारांनी अमेरिकेत एका चित्रकर्तीवर दावा लावला, कारण त्यांच्या घड्यांच्या रेघांचे नकाशे तिने रंगवून आपली चित्रं म्हणून मांडले होते. २०१३ मध्ये तडजोड झाली. तेव्हा इंटरनेटवर मिळालेला प्रत्येक घड्यांचा नकाशा फुकटचा, असं समजू नका. साधी पंखा-घडी, बॉक्स प्लीट पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्या बिनधास्त वापरा.

आणि तुमचं स्वतःचं काही नवं निघालं तर? इथे आपली माणसं फसतात. आपल्याकडे डिझाइन्स ॲक्ट २००० खाली नोंदणी करता येते. दहा वर्षं संरक्षण, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण डिझाइन नवं लागतं. आधी रील टाकली, जग बघून बसलं आणि मग अर्ज केला, तर नवेपणा गेला. दुसरं, नोंदणीला पात्र असलेलं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याचे पन्नासहून जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. तेव्हा क्रम लक्षात ठेवा : आधी जाणकाराचा सल्ला, मग अर्ज, मग रील.

आता मी काय विकते

२०२१ पासून मी घड्यांची फक्त एक वस्तू ठेवते. पॉलिस्टर जॉर्जेटचा चुणीदार स्टोल. गुंडाळला तर मुठीत मावतो, पर्समध्ये टाका, एसटीत काढा, अंगावर घ्या, इस्त्रीचं नाव नको. विकायच्या आधी पहिला नग मी स्वतः दोन महिने वापरला आणि दर आठवड्याला धुतला.

महिन्याला आठ-दहा जातात. बंगला नाही बांधला त्यावर. आजवर एकच परत आला, त्यावर कुणीतरी कडक इस्त्री फिरवली होती. तेव्हापासून प्रत्येक नगाला चिठ्ठी शिवते : 'इस्त्री करू नका, पिळून गुंडाळून ठेवा.' पहिला स्टोल शाळेच्या त्या बाईंना दिला. त्यांनी उलटापालटा केला आणि विचारलं, "धुतलास?" मी म्हटलं, "आठ वेळा." मग त्यांनी पैसे काढले. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्या मुलीने कर्जाचं विचारलं होतं, तिला माझं उत्तर हे : बाळा, मशीन कुठे पळून जात नाही. आधी चार रुपयांचा कागद आण. महिनाभरात तीन साचे कर. त्यातला एक निवड आणि त्याचे पाच नग काढ, चोवीस नाही. त्यातला एक स्वतः वापर आणि पाच वेळा धू. उरलेले चार ओळखीच्या नसलेल्या गिऱ्हाइकांना पूर्ण किमतीला विक, कारण मावशी आणि वहिनी कौतुकच करणार. महिन्याने त्या चौघींना फोन कर आणि एकच विचार, "परत घेणार का?" तिघी हो म्हणाल्या आणि तुझा हात कामाला पुरेनासा झाला, तर मशीनचं बोलू. तोवर शहरातल्या प्लीटिंगवाल्याकडून मीटरवर काम करून घेता येतं, त्याचा भाव विचारून ठेव.

बाकी सगळ्यांनीही एक साचा करायचाच आहे. वाकडा झाला तरी फोटो पाठवा, वाकडाच पाठवा. पुढच्या व्हिडिओत माझा तो पहिला वाकडा साचा दाखवणार आहे, अजून जपून ठेवलाय. आणि हो, मास्टरना पण बोलावलंय. या वेळी ते बोलतील, मी ऐकणार आहे.

भेटू मग!